विंग वरच येत नाही, किंवा दरवेळी एका अंगाला पडते: खानदेशात पॅरामोटर उडवणाऱ्यांसाठी

पहाट, वारा बंद, वावर मोकळं, पाठीवरच्या पॅरामोटरचं इंजिन गरम झालेलं, आणि तरी विंग, म्हणजे आपल्याला उचलून नेणारं कापडी पॅराग्लायडर, डोक्यावर येत नाही. अर्ध्यावर येऊन मागेच लटकते, किंवा वर येता येता कलते आणि बाजूला आडवी होऊन पडते. तीस किलोच्या आसपासचं मशीन पाठीवर घेऊन असं दोन-तीनदा झालं की दम लागतो, चिडचिड होते आणि पुढच्या धावेत माणूस ए-रायझर (विंगच्या पुढच्या दोऱ्यांचा पट्टा) जास्त जोरात ओढतो, थ्रॉटल लवकर दाबतो. प्रोपेलरमध्ये लाईन (विंगची दोरी) जाणं, केज (प्रोपेलरभोवतीचा पिंजरा) वाकणं, तोंडावर आपटणं हे सगळं अशा चिडून केलेल्या धावेतच घडतं. म्हणून पहिली विनंती: दोन धावा फसल्या की मशीन उतरवा, पाणी प्या आणि कारण शोधा. जोर वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

हे लिखाण प्रशिक्षकाकडे रीतसर शिकलेल्यांसाठी आहे. आपल्याकडचे बरेच जण कामशेत किंवा पाचगणीला शिकून येतात. तिथे डोंगरउतारावर समोरून सरळ वारा मिळतो, विंगकडे तोंड करून रिव्हर्स लाँच करता येतो, काही चुकलं तर डोळ्यांना लगेच दिसतं. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सपाटीवर पहाटे वारा जवळजवळ शून्य असतो. विंगकडे पाठ करून, पळत फॉरवर्ड लाँच करावा लागतो. विंग दिसत नाही, ती फक्त खांद्यांना जाणवते. प्रशिक्षणात ज्याचा सराव सगळ्यात कमी झालेला असतो, तेच इथे रोज करावं लागतं. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली तरी निम्म्या लोकांना आपलं कारण सापडेल.

आधी हे ठरवा: दरवेळी तीच बाजू का?

विंग कधी डावीकडे, कधी उजवीकडे पडत असेल तर दोष बहुतेक हवेत, जमिनीत किंवा मांडणीत आहे. वारा कुठूनही असो, वावर कुठलंही असो, ती कायम एकाच बाजूला पडत असेल तर दोष सामानात आहे किंवा तुमच्या हातात. यावर पुढचा सगळा शोध अवलंबून आहे, म्हणून अंदाजाने उत्तर देऊ नका. कुणाला तरी मागून मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. आपल्याला वाटतं ते आणि व्हिडिओत दिसतं ते पुष्कळदा वेगळं असतं.

मग मशीन बाजूला ठेवा आणि नुसत्या हार्नेसवर (अंगाला बांधायच्या पट्ट्यांवर) तीच विंग, त्याच जागी, त्याच दिशेला उचला. सरळ वर आली तर विंग बरीचशी निर्दोष आहे आणि दोष मशीन पाठीवर आल्यावर बदलणाऱ्या गोष्टींत आहे: उभं राहण्याची ढब, थ्रॉटलचा हात, इंजिनचा टॉर्क. नुसत्या हार्नेसवरही त्याच बाजूला पडली तर ट्रिमर (रायझरची लांबी कमी-जास्त करणारे पट्टे), लाईन आणि गाठी तपासायला घ्या.

थ्रॉटलच्या हाताबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण हे कारण सर्रास असतं आणि कुणाला सुचत नाही. आमच्या ओळखीच्या, चोपड्याकडच्या एका मित्राची विंग महिनोन्‌महिने उजवीकडे पडायची. लाईन तपासून झाल्या, ट्रिमर तपासून झाले. शेवटी जवळून पाहिलं तेव्हा दिसलं की थ्रॉटल उजव्या हातात, त्याच मुठीत उजवा ब्रेक (विंगची मागची कड खाली ओढणारी दोरी) आणि उजवा ए-रायझर. तीन वस्तू एका मुठीत मावाव्यात म्हणून तो मूठ घट्ट आवळायचा आणि ती मूठ डाव्या हातापेक्षा चार बोटं खाली राहायची. विंग वर येत असताना उजवा ब्रेक तेवढाच ओढला जायचा, उजवी बाजू मागे राहायची. त्याने ए-रायझर मुठीत धरणं सोडलं, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात नुसता टेकवून ठेवायला लागला आणि ब्रेकचं हँडल मनगटाकडे सरकवलं. पुढची धाव सरळ गेली. तुमची विंग थ्रॉटलच्या बाजूला पडत असेल तर आधी इथेच पाहा.

टॉर्कचं गणित त्याच्या पाठोपाठ येतं. प्रोपेलर ज्या दिशेला फिरतो त्याच्या उलट दिशेला तुमचं अंग वळू पाहतं. विंग पूर्ण डोक्यावर येण्याआधी थ्रॉटल दाबला की एक खांदा पुढे जातो, त्या बाजूच्या लाईन आधी ताणल्या जातात आणि विंग तिरकी उठते. म्हणून क्रम असा ठेवा: विंग वर, नजर वर, विंग सरळ असल्याची खात्री, आणि त्यानंतर थ्रॉटल, तोही हळूहळू वाढवत.

ती मागेच लटकते तेव्हा

हा त्रास जास्त चिवट आहे आणि जास्त घातकही, कारण जमिनीवर मागे लटकणारी विंग हवेतही सुस्त असते.

सगळ्यात सोपं कारण पहिल्यांदा. हात खाली राहतात किंवा आपण ए-रायझर छातीकडे खेचतो. मग लीडिंग एज (विंगची पुढची कड) पुढच्या अंगाने दुमडते किंवा विंग अर्ध्यावरच अडते. विंग वर खेचून आणायचं काम हार्नेस आणि तुमच्या शरीराचं वजन करतं. हातांनी फक्त ए-रायझरला सोबत करायची, मागून वर जाणाऱ्या कमानीत. छाती पुढे काढा, पाऊल ठामपणे टाका, पण कमरेतून वाकू नका. मशीनच्या वजनामुळे वाकणं आपसूक होतं. वाकलं की थ्रस्टची दिशा खाली वळते, इंजिन तुम्हाला पुढे ढकलण्याऐवजी जमिनीत दाबतं. ताठ पळणारा माणूस कमी थ्रॉटलवर लवकर उचलला जातो.

दुसरं, मांडणी. विंग घोड्याच्या नालेच्या आकारात मांडा, म्हणजे मधला भाग तुमच्यापासून सगळ्यात दूर आणि दोन्ही टोकं तुमच्या बाजूला वळलेली. त्याने मधल्या लाईन आधी ताणल्या जातात आणि मधले सेल (कापडाचे कप्पे) आधी हवेने भरतात. सरळ रेषेत मांडली की टोकं आधी उठून विंग मध्येच गोळा होते. उभे राहाल तेव्हा दोन्ही खांद्यांवर सारखा ताण आला पाहिजे. वीतभर डावीकडे उभे राहिलात तरी विंग तिरकी येते. लाईन ढिल्या ठेवून चार पावलं पळत जाऊन झटका देण्याची सवय मोडा. झटक्याने लाईन एकसारख्या ताणल्या जात नाहीत आणि मशीनही पाठीवर हिंदकळतं.

आता सामान. वापरलेली विंग विकत घेतलेल्यांनी हा भाग नीट वाचावा. पॅराग्लायडरच्या पुढच्या ए आणि बी लाईनवर बहुतेक भार येतो, त्यामुळे त्या ताणलेल्या राहतात. मागच्या सी, डी आणि ब्रेकच्या लाईनवर भार कमी. त्या डायनिमाच्या (एक कृत्रिम धागा) असतील तर काळानुसार आखडतात, आणि उन्हाने तापलेल्या गाडीच्या डिकीत पडून राहिल्या की हा प्रकार लवकर होतो. मागच्या लाईन एक-दोन सेंटिमीटर आखडल्या तरी विंगचं मागचं अंग कायम खाली ओढलेलं राहतं, जणू कुणी थोडा ब्रेक धरून ठेवलाय. परिणाम जमिनीवर असा दिसतो की विंग वर यायला जीव काढते. हवेत ती हळू उडते, आणि ब्रेक खोल धरल्यावर किंवा बिग इअर्स (खाली येण्यासाठी मुद्दाम दुमडलेली विंगची टोकं) सोडल्यावर पुन्हा वेग घ्यायला रेंगाळते. अशा विंगला पॅराशूटल स्टॉलचा धोका असतो. त्यात विंग फुगलेली दिसते, पण पुढे जाण्याऐवजी सरळ खाली बसत जाते. चेहऱ्यावरचा वारा अचानक थांबला, तर ती खूण मानून लगेच हात वर सोडा.

आखडलेल्या लाईन घरीच थोड्या ओळखता येतात. एका बाजूचा रायझर खुंटीला अडकवा, ए आणि सी लाईन सारख्याच हलक्या ताणाने ओढून मापा आणि मॅन्युअलमधल्या मापाशी ताडून पाहा. मग दुसरी बाजू. खरी तपासणी मात्र ज्यांच्याकडे ताण देऊन मोजायचं यंत्र आहे त्यांच्याकडूनच करून घ्यावी. तिथेच कापडाची पोरोसिटीही मोजतात. जुन्या, उन्हाने खाल्लेल्या कापडातून हवा झिरपते आणि विंग फुगायला वेळ लागतो. साधारण १०० तास किंवा १ ते २ वर्षं झाली की तपासणी, असं बहुतेक मॅन्युअल सांगतात. आपल्याकडचं ऊन आणि धूळ पाहता मी त्यातली आधी येईल ती मुदत धरतो.

ब्रेकची लाईन आखूड बांधलेली नाही ना, हे नुसत्या हार्नेसवर विंग डोक्यावर धरून पाहा. हात पूर्ण वर सोडल्यावर ट्रेलिंग एज (विंगची मागची कड) सरळ राहिली पाहिजे आणि ब्रेकच्या लाईनला थोडा झोल दिसला पाहिजे. ट्रिमर दोन्हीकडे अगदी सारखे हवेत. किती उघडे ठेवायचे ते विंगनुसार बदलतं, त्याला मॅन्युअलच पाहावं, दुसऱ्याच्या विंगवरून आपलं ठरवू नये.

थंडीत दवाचंही भान ठेवा. रब्बीच्या दिवसांत, विशेषतः पाणी दिलेल्या गहू-हरभऱ्याच्या शेजारी, अंधारात विंग पसरून ठेवली तर अर्ध्या तासात कापड ओलं होतं, जड होतं आणि मागे लटकतं. विंग शेवटच्या क्षणी पसरा.

जमीन आणि बांध

खानदेशातली काळी जमीन उन्हाळ्यात नांगरून पडलेली असते. ढेकळांत धाव घेता येत नाही आणि भेगांत घोटा मुरगळतो. कपाशी काढल्यानंतर राहिलेले पऱ्हाटीचे खुंट लाईनला धरतात. सराटे आणि काट्या कापडात रुततात. ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवल्या नसतील तर ब्रेकची एखादी लाईन त्यांत हमखास अडकते, आणि विंग त्या अंगाला मागे राहिली की आपण वाऱ्याला दोष देतो. नांगराच्या तासांना आडवी विंग मांडली की एक टोक वरंब्यावर, एक सरीत, म्हणून ती तिरकी उठते. गायरान, मुरमाड माळ किंवा भुईमूग काढून सपाट झालेलं वावर मिळालं तर त्यासारखं दुसरं नाही. अर्थातच मालकाला विचारून. लाँचआधी विंगच्या पुढच्या पन्नास-साठ पावलांत चालून या आणि लाईन हाताने मोकळ्या करा. एखादी बारीक काडी लाईनच्या जाळ्यात गुंतून गाठ झालेली असते, ती उभ्याने दिसत नाही.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेभोवती वारा अडवायला शेवरी लावतात. केळीला ती वाचवते, आपल्याला मात्र घोळात टाकते. वाऱ्याच्या खालच्या बाजूला, अडथळ्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत हवा घुसळलेली असू शकते. शेवरी पाच मीटर असेल तर पन्नास मीटरपर्यंत. अशा वावरात विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) एक सांगतो आणि विंगला वेगळंच जाणवतं, ती कधी इकडे कधी तिकडे पडते. तिथे तंत्र सुधारत बसण्यापेक्षा जागा बदला.

विजेच्या तारांबद्दल एकच सांगतो: तारा शोधू नका, खांब शोधा. कोवळ्या उन्हात तार दिसत नाही. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरा, आणि भुसावळ-दीपनगर भागात तर मोठ्या वाहिन्यांचं जाळं आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्यांच्या मागची हवाही तशीच टाळावी.

उन्हाळ्याचं गणित

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. जळगावची समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम २०० मीटरच्या घरात, पण ४३ अंशांना हवा इतकी विरळ होते की विंग आणि इंजिनला आपण सुमारे १२०० मीटरवर असल्यासारखं वाटतं, म्हणजे तोरणमाळच्या पठारावर उभे असल्यासारखं. डिसेंबरच्या १२ अंशांच्या सकाळशी तुलना केली तर हवेची घनता सुमारे १० टक्के कमी. त्यामुळे उचलण्यासाठी साधारण ५ टक्के जास्त वेगाने पळावं लागतं, आणि नेमका त्याच वेळी प्रोपेलरचा थ्रस्ट आणि टू-स्ट्रोक इंजिनची ताकदही घटलेली असते. डिसेंबरात ज्या वावरातून आरामात निघत होतात, त्याच वावराच्या टोकाला मेमध्ये बांध अंगावर येतो. म्हणून मध्यावर एक खूण करा, रंगीत कापड किंवा चुन्याची रेघ. तिथवर पाय हलके झाले नाहीत तर धाव सोडायची.

उन्हाळ्यात सूर्योदयापासून आठपर्यंतची वेळ चांगली. त्यानंतर काळी जमीन तापते, थर्मल (गरम हवेचे वर जाणारे झोत) सुटू लागतात आणि नऊ-साडेनऊनंतर नांगरलेल्या वावरात वावटळी उठताना दिसतात. दिसणारी वावटळ धुळीमुळे दिसते. हिरव्या पिकावरची किंवा माळावरची दिसत नाही, पण विंग तिच्यात सापडली तर तितकीच वाईट मोडते. शांत हवेत एकाएकी झुळूक आली आणि दिशा बदलली तर थांबा. बांधावर बसलेला एखादा गडी चुलीच्या धुराकडे पाहून «वारा फिरना, भाऊ» म्हणतो, ते ऐकून घ्यावं. तो धूर आपल्या विंडसॉकपेक्षा मोठ्या उंचीची खबर देतो. हिवाळ्यात तर याची जास्तच गरज. तापीच्या खोऱ्यात थंड हवा तळाशी साचते, जमिनीवर पान हलत नाही आणि पन्नास-शंभर मीटरवर चांगला वारा असतो. धूर सरळ वर जाऊन अचानक मोडत असेल तर त्या उंचीवर विंगला धक्का बसणार, हे धरून चाला. सातपुड्याच्या पायथ्याला सूर्यास्तानंतर डोंगरावरून थंड हवा खाली उतरते, म्हणून संध्याकाळच्या उड्डाणात उतरताना वाऱ्याची दिशा निघतानाच्या उलट असू शकते.

विंग कलली तर त्या क्षणी काय करायचं

विंग उजवीकडे कलली तर तुम्हीही उजवीकडे सरका, तिच्या खाली जा, आणि डावा ब्रेक हलका ओढा. बहुतेकांचं शरीर उलट करतं, विंगपासून दूर पळतं, आणि मग ती हमखास पडते. हे अंगवळणी पडायला मशीनशिवाय काइटिंग लागतं. संध्याकाळी हलका वारा असताना माळावर तासभर विंग डोक्यावर खेळवत राहणं इंधन जाळून केलेल्या कित्येक धावांपेक्षा जास्त शिकवतं. विंग डोक्याच्या पुढे जाऊ लागली तर दोन्ही ब्रेक हलके ओढून तिला थांबवा आणि लगेच सोडा. ब्रेक धरून ठेवला तर ती पुन्हा मागे बसते.

सावरत नसेल तर क्रम ठरलेला हवा: आधी इंजिन बंद, मग विंग पाडा. उलट केलं तर खाली येणाऱ्या लाईन फिरत्या प्रोपेलरमध्ये जातात. पाय सुटल्यावरही लगेच बसू नका, पळायची तयारी ठेवून उभेच राहा. लवकर बसणारा माणूस थोडी उंची हरवली की ढुंगणावर आणि प्रोपेलरवर उतरतो. पूर्ण थ्रॉटल आणि खोल ब्रेक एकत्र कधीही नको, जमिनीजवळ विंग स्टॉल करण्याचा, म्हणजे तिची उचल घालवून कोसळवण्याचा, तो सरळ रस्ता आहे.

पुन्हा पुन्हा धाव घेताना विसरल्या जाणाऱ्या तीन गोष्टी आहेत. मांडीचे पट्टे: धाव फसली की आपण ते सैल करतो, दमलेल्या डोक्याने पुन्हा लावायचे राहतात, आणि पट्ट्यांशिवाय हवेत गेलेल्या माणसाला वाचवणं फार कठीण. इंजिन चालू करताना हात: पॅरामोटरच्या गंभीर जखमांत हाताला प्रोपेलर लागणं खूप आढळतं, म्हणून मशीन पक्कं धरल्याशिवाय, थ्रॉटल मोकळा आहे हे पाहिल्याशिवाय आणि आजूबाजूची पोरं मागे सरकवल्याशिवाय स्टार्टर ओढू नका. गावात मशीनभोवती गर्दी जमतेच, एक माणूस फक्त त्यासाठी ठेवा. आणि पाणी: हतनूर, गिरणा, तापीचं पात्र वरून सुंदर दिसतं, पण पाठीवरचं मशीन माणसाला खाली ओढतं. इंजिन बंद पडलं तर काठ गाठता येईल एवढ्या उंचीशिवाय पाण्यावर जाऊ नका, फ्लोटेशन (पाण्यावर तरंगवणारं साधन) असलं तरीही.

जळगावला प्रवासी विमानं उतरतात, धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, शिरपूरकडे प्रशिक्षणाची विमानं उडतात. या भागांत परवानगी आणि हवाई हद्द यांची विचारपूस केल्याशिवाय विंग पसरूसुद्धा नका, आणि इतरत्रही पोलीस ठाण्याला आधी कळवा.

एवढं सगळं पाहूनही विंग त्याच बाजूला पडत असेल तर ती स्वतः दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. लाईन कापून किंवा गाठ मारून «जुळवलेली» विंग जमिनीवर सरळ उठते आणि हवेत वळायला लागते. व्हिडिओ, लाईनची मापं आणि विंगचे उडालेले तास लिहून ती तपासणीला पाठवा, आणि ती परत येईपर्यंत दुसऱ्याच्या विंगवर काइटिंग करा.